उणे वीसची डबी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

जेवढं नक्की आहे तेवढं आधी लिहितो. नक्की असलेलं लिहायला मला जड जात नाही. दिवस – सात वर्षांपूर्वीच्या आखाजीचा आदला दिवस. जागा – नवापुरातलं माझं दुकान, कोंबड्यांची औषधं आणि लसी. वस्तू – बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, पांढऱ्या डबीत ठेवलेली. किंमत – बेचाळीस हजार रुपये. हजर – मी, आणि माझं जुनं गिऱ्हाईक सामुएल गावित. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं. नळीला हवी होती शून्याखाली वीस अंशांची थंडी.

नळी माझी नव्हती. जागृतीची होती.

जागृती म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ म्हसावदला शेती बघतो – केळी, ऊस, थोडा कापूस. मी धाकटा, व्यापारासाठी नवापूरला आलो आणि इथलाच झालो. आम्हाला मूल नाही. जागृती दहावीनंतर आमच्याकडे राहून शिकली, म्हणून ती मला काका न म्हणता आप्पा म्हणते. पुढे सुरतेला एम.एस्सी. केलं, मग पुण्याला पीएच.डी.ला लागली. भावाला ते पसंत नव्हतं. मुलीचं वय चाललंय, सोयरीक कधी करायची, हेच त्याचं म्हणणं. मी मध्ये पडलो. म्हणालो, पोरीला शिकू दे, मी आहे ना. हे मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत मी कुठेतरी चांगला होतो हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं. आणि असं वाटणं बरोबर नाही, हेही मला कळतं.

तिच्या कामाची गोष्ट मला जेवढी समजली तेवढी सांगतो. आपल्या शरीरात प्रथिनं तयार होतात. पण तयार झाली म्हणजे काम झालं असं नाही. त्यांच्यावर साखरेच्या कड्यांची एक साखळी चढावी लागते. ती चढली नाही तर प्रथिन नीट घडी घेत नाही, जिथे जायचं तिथे पोचत नाही. साखळी चढवायचं काम काही एन्झाइमं करतात. त्यातलं एखादं जन्मतःच बिघडलेलं असलं तर मूल मान धरत नाही, बसत नाही, झटके येतात. हे ती आमच्या ओट्यावर बसून शोभाला, माझ्या बायकोला, समजावत होती.

शोभा म्हणाली, "म्हणजे तुन्हा मोठा आबानी डायबेटीसवाली साखर का?"

"नही वं काकू, ती साखर येगळी!" जागृती इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग तिने सांगितलं, नळीतलं एन्झाइम माणसाचंच आहे, पण माणसातून काढलेलं नाही. माणसाचा जीन किड्याच्या पेशीत घालतात आणि त्या पेशीकडून ते करून घेतात.

"किडामा?" म्हणत शोभाने डबी ठेवलेल्या बर्फाच्या खोक्यापासून आपली खुर्ची मागे ओढली.

तर ही डबी. पुण्यात एका जोडप्याचं मूल असं आजारी होतं. त्याच्या त्या एन्झाइमात एक बारीक फरक सापडला होता. आजाराचं कारण तोच फरक आहे की दुसरंच काही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जागृतीने फरक असलेलं एन्झाइम प्रयोगशाळेत स्वतः बनवलं होतं. शेजारी ठेवून तुलना करायला तिला निरोगी माणसाचं हवं होतं – खात्रीचं, चालणारं. ते परदेशातून मागवावं लागतं, यायला महिने लागतात. सुरतेच्या तिच्या जुन्या प्रयोगशाळेत ते आलेलं होतं. तिथल्या बाईंनी त्यातली एक नळी तिला दिली. नळी घेऊन जागृती सुरतेहून गाडीने नवापूरला उतरली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे मुलींनी घरी यायचा सण, तिला म्हसावदला जायचं होतं. पण म्हसावदला उन्हाळ्यात वीज कधी असते, कधी नसते. आणि आप्पाच्या दुकानात डीप फ्रीझर आहे.

मीच म्हणालो – मन्हाकडे ठेव, हाई तं मन्हं रोजनं काम शे.

तिने मला नीट सांगितलं होतं. उणे वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. बाहेर काढायचं नाही. आणि चुकून वितळलंच तर परत गोठवायचं नाही, आधी मला कळवायचं. "आप्पा, ते मेलं तरी दिसणार नाही," असं म्हणाली होती. मी मान डोलावली होती. मला काय शिकवते ही, असंही थोडं वाटलं होतं.

आता माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याशिवाय पुढचं तुम्हाला समजणार नाही. निदान मी तसा का वागलो ते तरी.

दुकानात दोन यंत्रं आहेत. काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये लसी असतात. आडव्या डीप फ्रीझरमध्ये बर्फ – पिशव्या, बाटल्या. लस विकली की गिऱ्हाइकाच्या थर्मासात बर्फ भरून द्यायचा, ही इथली रीत. लसीची खोकी सुरतेहून येतात. कधी गाडीला उशीर होतो, कधी उतरवून घेणारा चहाला गेलेला असतो, आणि खोकं उघडावं तर आत बर्फाचं पाणी. लस कोमट झालेली. अशा वेळी आम्ही काय करायचो? पाणी ओतायचं, कुप्या पुसायच्या, नवा बर्फ लावायचा, फ्रिजमध्ये ठेवायच्या. कुपी होती तशीच दिसते. पुढे कोणाच्या खुराड्यात राणीखेत रोग आला तर त्याला कारणं शंभर असतात – पाणी, खाद्य, ऊन, शेजारच्या शेडातली साथ. लसीकडे बोट कोण दाखवणार? मी एकटा असं करत होतो का? नाही. पण मी करत होतो. दुकानात पाटी होती – 'लस थंड असल्याची खात्री'. पाटी मीच रंगवून घेतली होती.

तर तो दिवस. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणून दुकान दुपारी बंद करायचं होतं. शेवटचा गावित आला. त्याच्या दोन शेडांना लस द्यायची होती आणि बर्फ नेहमीपेक्षा जास्त लागणार होता. फ्रीझरमध्ये वरवरच्या पिशव्या संपल्या होत्या. खालच्या काढायच्या तर वर ठेवलेली जागृतीची डबी बाजूला करावी लागणार होती. मी ती काढली, काउंटरवर ठेवली, वाकून बर्फ उपसायला लागलो.

गावितने डबी उचलून पाहिली. "पाटील, ही एवढीशी लस कोणाला? चिमणीला का?"

"ठेव खाली. बेचाळीस हजारनी शे ती."

"बेचाळीस!" त्याने डबी दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यात ठेवावी तशी परत ठेवली. "एवढ्यात माझं शेड भरतं, पाटील."

आम्ही दोघे हसलो. मग त्याने जुनी उधारी काढली, मी कॅल्क्युलेटर काढला, थोडी घासाघीस झाली. तो गेला. मी पंखा बंद केला, शटर ओढलं, कुलूप लावलं, सणासाठी आंबे घेऊन घरी गेलो.

डबी काउंटरवर होती.

पत्र्याच्या शटरमागे बंद दुकान मेमध्ये किती तापतं हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तिथे थर्मामीटर लावलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पितरांच्या घागरीच्या पूजेला घरात कापूर नव्हता, दुकानात होता, म्हणून गेलो. शटर वर केलं आणि पहिली नजर तिच्यावरच गेली. मी उघडून पाहिली. नळी उजेडात धरली. आत पाण्यासारखं, स्वच्छ. थेंबभर. जरा हलवलं की हलत होतं.

त्या क्षणी मी काय विचार केला? हे मी खूपदा आठवून पाहिलंय. मोठा विचार काही नव्हता. हातच पुढे गेला. मी डबी पुसली, फ्रीझरमध्ये ठेवली, वर बर्फाच्या दोन पिशव्या ठेवल्या. कोमट खोक्याचं जे करत आलो तेच केलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं – नळीतला थेंब पांढरा, घट्ट. जसा हवा तसा.

सणाच्या दुसऱ्या दिवशी जागृती आली. थर्माकोलचं खोकं, त्यात मीठ घातलेला बर्फ, सगळी तयारी. डबी घेताना तिने विचारलं, "आप्पा, लाइट तं गयी नही ना?"

लाइट गेलेली नव्हती. तिने तेवढंच विचारलं होतं. मी म्हणालो, "नही."

हे खोटं होतं का? शब्दाला शब्द लावला तर नव्हतं. तेव्हा मला याचं बरं वाटलं होतं. आता तुम्हीच बघा, माणूस कशात बरं वाटून घेतो.

पण मला कबूल करायचं आहे ते हे नाही. हे विसरभोळेपण झालं, आणि वर थोडी लबाडी. एवढ्यावर थांबलो तर माझी सुटका होईल. म्हणून पुढे लिहितो.

पुण्यात तो प्रयोग चालेना. निरोगी एन्झाइमने साखळी चढवायला हवी होती. चढत नव्हती. तिने पाणी बदललं, क्षार बदलले, रसायनं नवी मागवली, प्रथिन पुन्हा बनवलं. पावसाळा गेला. हे सगळं ती शोभाला फोनवर सांगायची आणि शोभा मला सांगायची, "पोरनं काही जमी नही ऱ्हायनं," असं. मी 'हूं' म्हणायचो. तिच्या सरांनी सुरतेला विचारलं. सुरतेच्या बाई म्हणाल्या, त्याच खेपेतल्या आमच्या बाकीच्या नळ्या उत्तम चालताहेत. तेव्हा सरांनी निष्कर्ष काढला. एन्झाइम चांगलं, मग वाईट काय? – करणारी.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. शोभाला नाही, मला. मी दुकानात होतो. ती इतकी सावकाश बोलत होती की आधी कागदावर लिहून काढलं असावं असं वाटलं.

ती म्हणाली, "आप्पा, एक विचारते. रागावू नका. डबी तुमच्याकडे होती तेव्हा ती कधी बाहेर राहिली होती का? थोडा वेळसुद्धा? राहिली असेल तरी मला काही वाटणार नाही. खरंच. मला फक्त कारण हवंय. कारण सापडलं तर सर नवीन मागवू देतील. नाहीतर ते म्हणतात, तुझ्या हातात दिलेलं पुन्हा वाया कशाला घालवू."

बघा – दार तिने सताड उघडून धरलं होतं. उंबऱ्यावर पायसुद्धा अडखळू नये म्हणून 'मला काही वाटणार नाही' असंही आधीच म्हणून ठेवलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी का म्हणालो नाही? पैशांची भीती नव्हती असं लिहायला बरं वाटलं असतं. होती. बेचाळीस हजार माझ्याकडे मागितले जातील, हे डोक्यात आलं, आणि पहिलं तेच आलं. मग आलं – भाऊ काय म्हणेल, ज्याच्यासमोर मी छाती ठोकून 'मी आहे ना' म्हणालो होतो. मग आलं – ही गोष्ट फुटली तर गावित विचारेल, माझी लस पण अशीच का रे पाटील? तीन भीत्या, तिन्ही फुटकळ. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला ही पोर. मी जन्मभर तराजू वापरला आहे, आणि तरी असं तोललं.

मी म्हणालो, "नही व्हती."

आणि मग मी जे बोललो ते मला कोणी विचारलेलं नव्हतं. कोणी बोलायला भाग पाडलं नव्हतं. मी म्हणालो, "मन्हाकडे काहीच नही व्हयनं. तू तुन्हा हात देख. तठेच कुठे चुकी ऱ्हायनं व्हयी."

हेच ते. हे मला लिहायचं होतं.

तुझा हात बघ. लहानपणी जी माझ्या दुकानात बसून कुप्यांवरची तारीख वाचायची, ड्रॉपरने थेंब मोजायला जिला मीच शिकवलं, जिच्या हाताची मी गिऱ्हाइकांसमोर तारीफ करायचो – तिला मी म्हणालो, तुझा हात बघ. ती म्हणाली, "बरं आप्पा." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने डबीबद्दल कधीही विचारलं नाही. मला कधी, कोणालाच कधी. प्रवासात बिघडलं असेल ही शंका तिने खोडून टाकली, कारण आप्पांनी सांगितलं होतं. सरांनी पुन्हा विचारलं तेव्हाही ती म्हणाली होती, की माझे काका याच धंद्यात आहेत, त्यांच्याकडे चूक होणार नाही. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं. हसत.

पुढचं लांबवत नाही. ती आणखी वर्षभर झगडली. मग शिष्यवृत्तीची मुदत संपली. वाढवून मिळाली नाही. प्रबंध अर्धा राहिला. त्या जोडप्याला दुसरं मूल हवं होतं आणि त्याआधी त्यांना जागृतीच्या प्रयोगाचं उत्तर पाहिजे होतं. ते उत्तर त्यांना पुढे कुठून मिळालं का? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही, हे खरं.

ती म्हसावदला परत आली तेव्हा मी आणि शोभा गेलो होतो. ओसरीत सगळे बसले होते. भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, "इतला वरीस शिकनी, हातमा काय उनं?" वहिनी आत निघून गेली. शोभा भावावर भडकली – "पोरले आते तरी सुखे बसू द्या!" मी? मी ताटलीतला पेरू कापत होतो. कापलेले तुकडे पुन्हा कापत होतो.

जागृती बापाला म्हणाली, "मन्हा हातच बराबर नही, भाऊ. सरसनी चूक नही, कोनीच चूक नही."

तिच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मला कळलं ते कुठून गेलंय. सर तिला काय म्हणाले असतील ते असतील. पण हात बघ, हे माझं होतं.

तेव्हा तरी बोलायचं. ओसरीत, सगळ्यांसमोर. भावाने मला शिव्या घातल्या असत्या, शोभा महिनाभर बोलली नसती. आणि जागृती? तिला तिचा हात परत मिळाला असता. तेव्हा फार उशीरही झालेला नव्हता. माणसं नव्या जागी, नव्या सरांकडे जातात. ती तीसच्या आतली होती. मी पेरूला तिखटमीठ लावलं आणि ताटली पुढे केली.

मग काही दिवस तिने शहाद्याला एका क्लासमध्ये शिकवलं. पण प्रात्यक्षिक घ्यायची वेळ आली की दुसऱ्या कोणाला तरी पुढे करायची. अजूनही आमच्याकडे स्वयंपाक करताना मीठ टाकायच्या आधी शोभाला दाखवते, "काकू, इतलं ठीक शे?" एवढी शिकलेली मुलगी, मिठासाठी. शोभाला वाटतं ही तिची सवय. मला माहीत आहे ती सवय नाही.

तीन वर्षांपूर्वी शोभानेच सुचवलं, पोरीला दुकानात घ्या, तुमचंही वय झालं, तिलाही बरं. आणि जागृती आली. आमच्याच घरी राहते. दुकान आता तीच बघते म्हटलं तरी चालेल. नवं काय केलं तिने? पहिल्याच महिन्यात सुरतेहून एक खोकं कोमट आलं. माझा हात सवयीने बर्फाकडे गेला. तिने खोकं उचललं, मागे नेलं, आणि एक-एक कुपी फोडून चुन्याच्या खड्ड्यात टाकली. मी म्हणालो, अगं, अकरा हजाराचा माल आहे. ती म्हणाली, "आप्पा, हाई दिसस जिवती, पन मरेल शे." दिसते जिवंत, पण मेलेली आहे. कुठलाही टोमणा नव्हता त्यात. मला टोचावं म्हणून ती बोलली नव्हती. ती मला लसीबद्दल सांगत होती.

गावित आता गावभर सांगतो, "पाटलाच्या पोरीकडून लस घ्या. ती पोरगी देवाला पण कोमट माल देणार नाही." त्याच्या शेडांत कोंबड्या मरायच्या कमी झाल्या आहेत. हे मी आकड्यांनी सांगू शकतो, पण नको. कारण मग आधीच्या वर्षांचे आकडेही सांगावे लागतील, आणि त्या आकड्यांमागे माझा बर्फ आहे.

कधी वाटतं, तिला संशय आला असेल का? आला असता तर बरं झालं असतं. मी तिच्याकडे चोरून बघतो – कोमट खोकं आलं की, आखाजी आली की. काही दिसत नाही. तिच्या मनात ती जागा रिकामी आहे. तिथे मी नाहीच. तिथे फक्त तिचा हात आहे.

आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला पुष्कळदा म्हणतो. ती चौतिशीची झाली. ते सर निवृत्त झाले. ती नळी कुठल्या कचऱ्यात गेली कोण जाणे. पण हे कारण नाही, हे मलाही कळतं. सांगून काय होणार हे ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तोही मीच घेऊन बसलोय. मागच्या वर्षी एकदा बोलायला गेलो होतो. ती फ्रीझर साफ करत होती, आतून बर्फ खरवडत. म्हणालो, "जागृती, ती तुन्ही डबी –" तिने वर पाहिलं. नुसती उत्सुकता होती, दुसरं काही नाही. म्हणाली, "हां आप्पा?" मी म्हणालो, "डबी नही – ती मोठी बरणी कुठे शे, पिंजरासनी पावडरनी?" तिने बरणी काढून दिली.

हे मी लिहून काढतोय आणि ती हे वाचणार नाही असं धरून लिहितोय. म्हणजे हेसुद्धा तेच झालं. तिच्या पाठीमागे. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही माझ्या घरी जेवत नाही.

मला तुमच्याकडून काही नको. धीर नको, 'होतं असं' नको. हिशेब लिहिणाऱ्या माणसाने एक रक्कम इतकी वर्षं चुकीच्या नावावर टाकली आणि रोज ती तशीच पुढे ओढली, एवढंच नोंदवायचं होतं. ती योग्य नावावर फिरवली नाही, हेही.

गेल्या एक तारखेला जागृतीला महिन्याचा पगार दिला. अठरा हजार रुपये, रोख, पाकिटात. म्हणालो, मोजून घे. बँकेतून आणलेली गड्डी असो की गावितचे पैसे असोत, ती दोनदा मोजते, गिऱ्हाइकासमोर मोजते, त्यात कसलीही भीड नाही तिला. पाकीट तिने उघडलंही नाही. सरळ पर्समध्ये टाकलं.

"तुमनं कसाले मोजानं, आप्पा?" म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.